'शब्बाथ'ला शनिवार म्हणावं का?

एका वाचकाचा प्रश्न: सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती मंडळीच्या माहितीपत्रकाचं मराठी करताना 'सॅबथ'ला, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाला (मराठी बायबलमधला 'शब्बाथ'), सरळ 'शनिवार' लिहिलं तर चालेल का? 'शब्बाथ' कुणाला कळणार, असं त्यांचं म्हणणं.

माझं मत: नका लिहू. 'शब्बाथ'च ठेवा.

पहिली अडचण वेळेची. आपला शनिवार पंचांगात सूर्योदयाला सुरू होतो, घड्याळात मध्यरात्री. शब्बाथ मात्र शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. बायबलच्या पहिल्याच अध्यायात दिवस मोजताना आधी संध्याकाळ येते, मग सकाळ. लहानपणी आमच्या शेजारी एक ॲडव्हेंटिस्ट कुटुंब राहायचं. शुक्रवारी दुपारपासून त्या घरात सणाच्या आदल्या दिवसासारखी लगबग असे. भाजी निवडून झालेली, चर्चचे कपडे इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर, बुटांना पॉलिश. दिवेलागणीला रेडिओ बंद व्हायचा, सगळे गीतांची पुस्तकं घेऊन बसायचे आणि काकू म्हणायच्या, "चला, शब्बाथ लागला." महिना लागतो, ग्रहण लागतं, तसा शब्बाथ लागतो. शनिवार लागत नाही, उजाडतो.

ही सूर्यास्ताची वेळही ॲडव्हेंटिस्टांनी विचारांती ठरवली आहे. शनिवारच्या शब्बाथाचा आग्रह धरणारे जोसेफ बेट्स हे मूळचे जहाजाचे कप्तान. त्यांच्या मते शब्बाथ संध्याकाळी सहा ते सहा. बरीच वर्षं तसाच पाळला गेला. 1855 मध्ये याच चळवळीतले जे. एन. अँड्र्यूज यांनी बायबलमधले उतारे तपासून सूर्यास्त हीच सीमा दाखवली आणि ती स्वीकारली गेली. संघटित चर्च स्थापन झालं ते त्यानंतर, 1863 मध्ये. मुंबईत सूर्य नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. म्हणजे शब्बाथाची वेळ ऋतूप्रमाणे सरकते.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. मराठीत शनिवार 'धरतात' आणि 'सोडतात', कारण मनात उपास असतो. शब्बाथ 'पाळतात' किंवा 'मोडतात'. "त्यांचा शनिवार असतो" असं लिहिलंत, तर वाचकाला मारुतीचं देऊळ, तेल, रुईच्या पानांची माळ आणि साबुदाण्याची खिचडी आठवणार. शनी तर वाराच्या नावातच बसलेला आहे. शब्बाथाचं मूळ हिब्रू क्रियापद आहे, अर्थ 'थांबणे'. त्यात ग्रह नाही, उपासही नाही. उलट शनिवारी प्रार्थनेनंतर एकत्र जेवणाची पंगत बसते. हिंदी बायबलमध्ये 'सब्त' हे अरबी वळणाचं रूप आढळतं. मराठीने हिब्रूतला 'श' राखला, याचं मला अप्रूप वाटतं.

आणि 'कुणाला कळणार' म्हणाल, तर शनिवारी काम बंद ठेवण्याची ही चाल आपल्या कोकणाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातले बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. धर्म वेगळा, पण दिवस तोच. गावाने बाहेरून पाहिलं आणि वाराचं नाव दिलं. आपण पाळणाऱ्यांच्या बाजूने लिहितो आहोत, तेव्हा त्यांचाच शब्द घ्यावा.

एक सावधगिरी मात्र हवी. स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन पंथाचे ख्रिस्ती रविवारालाच 'सॅबथ' म्हणत, आणि 1829 मध्ये मुंबईत आलेले मिशनरी जॉन विल्सन याच परंपरेतले. त्यामुळे जुन्या मिशनरी लेखनात हा शब्द भेटला तर डोळे झाकून शनिवार समजू नका, संदर्भ बघा.

तुमच्या पत्रकापुरतं सांगायचं तर पहिल्यांदा शब्द येईल तिथे 'शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा पवित्र दिवस' असं एकदा लिहा, पुढे नुसतं 'शब्बाथ'. उपासनेची वेळ देताना 'शनिवारी सकाळी' खुशाल लिहा, तिथे वारच सांगायचा आहे. 'शब्बाथ शाळे'ची, म्हणजे चर्चमधल्या बायबल-अभ्यासाच्या वर्गाची, मात्र 'शनिवारची शाळा' करू नका. लोकांना अर्ध्या दिवसाची सकाळची शाळा वाटेल.