घरातल्या छोट्या ऑफिसचा पसारा कसा आवरावा? वडिलांच्या वस्तू टाकायला हात होत नाही

तुम्ही लिहिलंय की नऊ बाय दहाची खोली आहे, वडिलांची टॅक्स कन्सल्टंटची प्रॅक्टिस आता तुम्ही चालवताय, आणि त्यांच्या फायली, कायद्याची पुस्तकं, टाइपरायटर, जुने कॉम्प्युटर यातलं काहीच टाकवत नाही. मीपण याच धंद्यातला, पुण्यात, घरातल्याच एका खोलीतून काम करतो, त्यामुळे तुमची खोली मला न बघताच दिसतेय. रबरबँड विरघळून फायलींना चिकटलेत, टाचण्या गंजल्यात आणि खालच्या गठ्ठ्याला कसर लागलीय, बरोबर ना?

माझं मत सांगतो. टाकवत नाही याचं कारण माया हे अर्धंच, उरलेलं अर्धं म्हणजे ती वस्तू घराबाहेर पडून जाणार कुठे हे ठरलेलं नसतं. कचऱ्यात टाकायचं म्हटलं की हात मागे येतो, पण अमुक लायब्ररीत द्यायचंय म्हटलं की लगेच उचलली जाते. म्हणून आधी जागा ठरवा आणि मग कपाट उघडा, उलटं केलंत तर संध्याकाळी सगळं खाली काढलेलं तसंच परत वर जातं.

त्याच्याही आधी एक काम, जे ऑफिसचंच नाहीये ते खोलीबाहेर काढा. उन्हाळ्यातला कूलर, पाहुण्यांच्या गाद्या, सुटकेसमधल्या सुटकेशी, गणपतीचं मखर. (मखर थर्माकोलचं असेल तर २०१८ च्या बंदीनंतर ते कशासाठी जपून ठेवलंय हे घरच्यांना एकदा विचाराच.) ऑफिसची खोली घरात सगळ्यात गरीब असते, कोणीही येऊन काहीही ठेवून जातं. यासाठी घरात थोडी वादावादी होईल, होऊ द्या.

आता कागद, कारण खरी जागा तेच खातात. धंद्याच्या हिशेबाच्या वह्या आणि बिलं १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्याखालच्या वर्षांसाठी असेसमेंट इयर (कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून सहा वर्षं ठेवायची असतात आणि जीएसटीची त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने, हे तुम्हाला माहीतच आहे, पण क्लायंटना सांगतो ते आपण स्वतःच्या कपाटाला लावत नाही. मी सरळ आठ वर्षांची रेघ मारलीय, त्याच्या मागचं काढायचं, फक्त अपील किंवा नोटीस पेंडिंग असलेल्या फायली बाजूला, त्या कितीही जुन्या असोत. क्लायंटचे मूळ कागद निघाले तर फोन करून परत द्या आणि दिल्याची सही घ्या. झेरॉक्सचे गठ्ठे मात्र तसेच रद्दीवाल्याला देऊ नका हो, त्यात लोकांचे पॅन, आधार, कॅन्सल्ड चेक असतात आणि ती रद्दी उद्या भेळेच्या पुड्याला जाते. साधं श्रेडर घ्या, नाहीतर सोसायटीतल्या कुणा कॉलेजच्या पोराला पैसे देऊन फाडायला बसवा, पण समोर बसून. पेट्रोल पंपाच्या आणि हॉटेलच्या त्या गुळगुळीत पावत्या उघडून बघा, बऱ्याचशा कोऱ्या झालेल्या असतील कारण थर्मल प्रिंट उडतं, नवीन येतील त्यांचा त्याच दिवशी फोटो काढत जा.

कधीच काढायचे नाहीत असे कागद थोडेच असतात. घराचं अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, घरात मोठं काम केलं असेल तर त्याची बिलं (विकताना कॅपिटल गेनला, म्हणजे नफ्यावरच्या कराच्या हिशेबाला, लागतात). आणि वडिलांच्या नावाची जुनी कागदी शेअर सर्टिफिकेटं मिळाली तर कंपनीचं नाव ओळखीचं नाही म्हणून फेकू नका, आधी तपासा, कित्येक कंपन्या नाव बदलून किंवा विलीन होऊन चालू असतात. बँक स्टेटमेंट, म्युच्युअल फंडाची पत्रं, विजेची बिलं बहुतेक परत डाउनलोड होतात, तेवढं बघून घ्या आणि काढा.

कायद्याच्या पुस्तकांबद्दल जरा कठोर बोलतो, वाईट वाटून घेऊ नका. बॉम्बे सेल्स टॅक्स १९५९ चा, तो १ एप्रिल २००५ ला व्हॅट आल्यावर संपला, १ जुलै २०१७ ला जीएसटीने व्हॅटचं बहुतेक काम संपवलं (पेट्रोल, डिझेल, दारू सोडून), आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्याचीही जागा नव्याने घेतली. म्हणजे तुमच्या वडिलांनी घाम गाळून पाठ केलेले कायदे एकामागून एक निवृत्त झालेत. जुन्या केससाठी १९६१ च्या कायद्याची अलीकडची एक प्रत ठेवा, बाकी दरवर्षीच्या आवृत्त्या कुठलीही लायब्ररी घेत नाही, त्या रद्दीच आहेत. पण वडिलांनी मार्जिनमध्ये पेन्सिलीने लिहिलेलं एखादं पुस्तक असेल तर ते ठेवा, कायद्यासाठी नाही, त्या अक्षरासाठी. एकच हं. शेल्फभर नाही.

कथा-कादंबऱ्या आणि दिवाळी अंक असतील तर आधी फोन करा. पोतं घेऊन लायब्ररीच्या दारात गेलात तर ते घेणार नाहीत, त्यांचीही जागेची बोंब असते, शेल्फचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की हवी ती सांगतात. उरलेली पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात, मुंबईत असाल तर फोर्टच्या फुटपाथवरच्या किंवा माटुंग्याच्या जुन्या पुस्तकवाल्यांना, पैशाची अपेक्षा न ठेवता.

इलेक्ट्रॉनिक भंगार वेगळं. जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क आधी काढून घ्या, नुसतं फॉरमॅट केलं की डेटा जातो हा गैरसमज आहे, क्विक फॉरमॅटनंतर फुकटच्या सॉफ्टवेअरनेसुद्धा फायली परत मिळतात, आणि आपल्या डिस्कवर दुसऱ्यांचे हिशेब असतात. पूर्ण ओव्हरराइट करा (म्हणजे जुन्या डेटावर दुसरं काहीतरी लिहून तो पुसा), नाहीतर ड्रिलने भोकं पाडा. यूपीएसची बॅटरी शिशाची असते, नवीन घेताना दुकानदार जुनी घेऊन पैसे कमी करतो. लॅपटॉपची किंवा मोबाइलची फुगलेली बॅटरी ड्रॉवरमध्ये ठेवू नका आणि सुक्या कचऱ्यातही टाकू नका, ती दाबली गेली की पेटते. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेचे ई-कचरा गोळा करायचे कार्यक्रम होतात, दुसरीकडे असाल तर महापालिकेत चौकशी करा. क्लायंटच्या डीएससीचे (डिजिटल सहीचे) एक्स्पायर झालेले यूएसबी टोकन ढिगाने असतील, बऱ्याच टोकनवर नवीन सर्टिफिकेट उतरवता येतं, तेव्हा ज्याचं त्याला परत द्या.

टाइपरायटर. गोदरेजचा आहे म्हणालात. १९५५ मध्ये त्यांनी पहिला भारतीय टाइपरायटर काढला आणि नंतर उत्पादन बंदही झालं, त्यामुळे लोकांना वाटतं आता याला मोठी किंमत येईल. तसं काही नाही, चालू स्थितीत असेल तर हौशी माणूस बरे पैसे देतो, गंजलेला लोखंडाच्या भावात जातो. विकू नका असं मी म्हणेन, पण मग त्याला टेबलाखालून बाहेर काढा, साफ करा आणि बाहेरच्या खोलीत दिसेल असा ठेवा. ठेवायचा म्हणून ठेवलाय आणि वर्षभर त्यावर फायली रचल्यात, याला जपणं म्हणत नाहीत. बाहेर ठेवायला घरचे तयार नसतील तर त्या हौशी माणसालाच द्या, तो निदान रिबन तरी शोधेल.

वडिलांच्या डायऱ्या आणि पत्रव्यवहाराला एवढ्यात हात लावू नका. आई असतील तर त्यांना, नाहीतर भावंडांना विचारा, आणि विचारताना 'टाकू का' असं नको, 'तुला कुठली हवी' असं विचारा. माझ्या बहिणीने जी डायरी मागून नेली ती मला अगदीच बिनकामाची वाटत होती, नुसता दूधवाल्याचा हिशेब होता.