अक्षर न् अक्षर जुळवा, मग व्हिसाची अपॉइंटमेंट

ताई, तुमचे प्रश्न दोन: यजमान जर्मनीत स्टुटगार्टला नोकरीला आहेत, तर त्यांच्याकडे राहायला जाण्यासाठी तुम्हाला जर्मनची ए-१, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची, परीक्षा द्यावीच लागेल का? आणि माहेरच्या नावाचा पासपोर्ट आधी बदलायचा का?

यजमानांकडून त्यांच्या तिथल्या राहण्याच्या परमिटचा फोटो मागवा. त्यावर 'ब्लाउए कार्टे', म्हणजे ब्लू कार्ड, असेल तर बायकोला ए-१ लागत नाही. कुशल कामगाराच्या परमिटवरही आता सहसा लागत नाही; दुसरं काही असेल तर लागू शकते. मी ही परीक्षा पुण्याच्या मॅक्सम्यूलर भवनात, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या संस्थेत, दिली होती. १०० पैकी ६० गुण मिळाले की पास. आकड्यांचा बाऊ करू नका. जर्मन माणूसही आपल्या एकवीस-बावीससारखा आधी एक म्हणतो, मग वीस. खरी गंमत तोंडी परीक्षेत नावाचं स्पेलिंग सांगताना होते. आपण ज्याला 'ई' म्हणतो ते तिकडे 'ए', आणि आपलं 'आय' तिकडे 'ई'. मी माझंच आडनाव दोनदा चुकले!

पासपोर्टला हात लावू नका. माहेरच्या नावावर व्हिसा मिळतो, माझाही तसाच झाला. फक्त विवाह नोंदणीच्या दाखल्यावर तुमचं लग्नाआधीचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं, वडिलांच्या नावासकट. आमच्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर माझ्या बाबांच्या 'विश्वनाथ'मधल्या व्हीचा डब्ल्यू झाला होता. त्या एका अक्षरापायी दीड महिना हेलपाटे घातले, वर "एवढंसं तर आहे" हे ऐकून घेतलं ते वेगळंच. म्हणून दाखला हातात पडला की तिथेच, खिडकीपाशी उभं राहून वाचा.

"टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बघू" असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. त्या टुरिस्ट, म्हणजे शेंगेन, व्हिसावर ९० दिवस राहता येतं, पण कायम राहायचं तर बहुतेकदा परत येऊन नॅशनल, म्हणजे जास्त काळ राहण्याचा, व्हिसाच काढावा लागतो. तो पहिल्यापासूनच काढा. फी ७५ युरो, महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या वकिलातीकडे जातात. नंतर नोकरीसाठी वेगळी परवानगी लागत नाही, ही मोठीच सोय.

पोहोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करा. आणि यजमानांना आत्ताच सांगून ठेवा, खालच्या टपालपेटीवर तुमचं नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगने चिकटवा. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन सरकारी पत्रसुद्धा परत घेऊन जातो.