ताई, ते सहा हजार घ्या, पण आधी लॅबवाल्यांना थोडं विचारा

ताई नमस्कार, पत्र मिळालं. मुलगी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला, रोज पिंपळगाव बसवंतहून एसटीने नाशिकला कॉलेजला येते, आता नाशिकच्याच अंबड भागातल्या एका छोट्या लॅबमध्ये तीन महिन्यांची इंटर्नशिप मिळतेय, लॅब पैसे देणार नाही पण कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि काही दुकानदार-बागायतदारांनी मिळून फंड काढलाय त्यातून महिन्याला 6000 मिळतील, आणि तिचे पप्पा म्हणतात लोकांच्या वर्गणीवर आपली पोरगी नको, फुकट करायची तर करू दे नाहीतर राहू दे. तुम्ही विचारलंय काय करू.

माझं मत स्पष्ट आहे, घ्या.

तुम्हीच लिहिलेले आकडे घेऊ. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे तरी पुढे सिटीलिंकची शहर बस, कधी रिक्षा, वर चहा-नाश्ता धरून रोजचे शंभर जातात, 25 दिवसांचे झाले अडीच हजार. ती शिकवते त्या संध्याकाळच्या ट्यूशन बंद कराव्या लागतील, ते तीन हजार गेले. म्हणजे साडेपाच हजार तर घरातून जाणारच आहेत, 6000 मधून हातात उरतात पाचशे. फुकट करू दे म्हणणं सोपं आहे पण ते फुकट तुमच्या घराला महिन्याला साडेपाच हजाराला पडतं, आणि ज्या घराला हे झेपत नाही त्या घरातली हुशार मुलगी मागे राहते आणि शहरात कॉलेज रोडला राहणारी, बापाच्या गाडीतून येणारी मुलगी तोच अनुभव बायोडेटात लिहून पुढे जाते. हे मी दरवर्षी बघते आणि मला याचा खरंच त्रास होतो.

आता कामाचं. रेसिड्यूची, म्हणजे फळात राहिलेला फवारणीच्या औषधाचा अंश तपासणारी लॅब कशी असते ते तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्या भागातली द्राक्षं युरोपला जातात ती तपासणीचा रिपोर्ट आल्यावरच. तिथे सॅम्पल आलं की आधी पिशवीवरचा कोड रजिस्टरशी जुळवायचा, मग द्राक्षं मिक्सरमधून काढून एकजीव करायची, त्यातलं ठरलेलं वजन काट्यावर घ्यायचं, सॉल्व्हंट (औषधाचा अंश विरघळवून घेणारं द्रव) घालून सेंट्रिफ्यूज नावाच्या गरगर फिरवणाऱ्या मशीनला लावायचं, आणि कोड लिहिताना एक आकडा चुकला तर एका शेतकऱ्याच्या मालाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर जातो. हे जबाबदारीचं काम आहे, दिवसभर उभं राहून करायचं. त्याचे पैसे मिळाले तर ती मेहनत झाली, यात दान कुठे आलं? पप्पांना हे असंच सांगा.

आणि त्यांना हेही सांगा की आपल्याकडे लोकांच्या पैशातून पोरं शिकवणं नवीन नाही. 1914 साली नाशिकमध्ये उदोजी मराठा बोर्डिंग उभं राहिलं ते लोकांच्या मदतीने, खेड्यापाड्यातली मुलं तिथे राहून शिकली. कर्मवीर भाऊराव पाटलांची कमवा आणि शिका तर आपल्या पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांमध्ये आजही चालते, तिथे मुलं तासाप्रमाणे काम करतात आणि कोणी त्यांना मिंधं म्हणत नाही.

सरकारी योजनांचं विचारलंत. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणमध्ये पदवीधरांना महिना 10000 ठरले होते पण शिक्षण चालू असलेल्यांना ती नव्हती, पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही 2024 ला निघाली तेव्हा पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती. डिग्री झाली की अ‍ॅप्रेंटिसशिप बघू, तिथे स्टायपेंडचा काही भाग केंद्र सरकार देतं. आत्ता मात्र हा फंडच आहे.

पण एक गोष्ट मला खटकली, लॅब स्वतः एक रुपयाही देत नाहीये. मोठ्या कंपन्यांना 2013 च्या कायद्याने सीएसआर (नफ्यातला काही भाग समाजाच्या कामाला) करावा लागतो, छोट्या लॅबला तसं बंधन नाही आणि काहींची खरंच ओढाताण असते, मान्य. तरी थोडा तरी वाटा लॅबने उचलायलाच हवा, निदान दुपारचं जेवण आणि येण्याजाण्याचा खर्च, नाहीतर लोकांनी मुलीसाठी दिलेला पैसा शेवटी मालकाला फुकट हात पुरवायला जातो. स्वतःच्या खिशातून थोडे गेले की मालक विचारतो आज पोरीने काय शिकलं, नाहीतर तीन महिने बाटल्या धुण्यात जातात. त्यामुळे लॅबवाल्यांना हे विचारा, आणि फंडवाल्यांकडून लेखी पत्र मागा, त्यात कोण शिकवणार, वेळ काय (दहा ते पाच असेल तर बरं, तिला पिंपळगावला परतायचंय), पैसे दर महिन्याला तिच्याच खात्यात येणार का, हे सगळं यायला हवं. आणि शाल-नारळ देऊन स्टेजवर चेक देतानाचा फोटो काढणार असतील तर नम्रपणे नाही म्हणा, पप्पांची अर्धी अडचण तिथेच आहे असं मला वाटतं.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला असा फंड काढायचा असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या ट्रस्टमार्फतच काढा. देणाऱ्यांना देणगीवरची टॅक्सची सूट (80जी नावाने ओळखतात ती) हवी असेल तर ट्रस्टकडे ती मान्यता आहे का बघा, ती जुन्या टॅक्स पद्धतीतच मिळते आणि दोन हजाराच्या वर रोख दिले तर मिळत नाही. आणि मुलं निवडताना घरची गरिबी चारचौघात सांगायला लावू नका, कॉलेजच्या शिक्षकांना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं.

ताई, कॉलेजमध्ये विभागप्रमुखांना लॅबचं नाव आधीच लेखी कळवा, इंटर्नशिपचे क्रेडिट धरायचे असतील तर नंतर धावपळ नको. द्राक्षाचा सीझन जानेवारीपासून जोर धरतो, लॅबला माणसं तेव्हाच लागतात, म्हणून पप्पांशी या आठवड्यातच बोला. आणि बोलताना मुलीला शेजारी बसवा, तिला काय वाटतं हे तुमच्या पत्रात कुठेच आलेलं नाही.