लोणारच्या काठावर चार तास

प्रश्न : आमच्या शाळेत स्मार्ट टीव्ही येऊन वर्ष झालं. मी आठवीला भूगोल शिकवते. व्हिडिओ लावला की मुलं गप्प बसतात, पण गणिताचा तास सुरू झाला की भूगोल पुसला जातो. टीव्हीच्या मदतीने विषय एकमेकांना जोडता येतील का?
– एक शिक्षिका, जालना जिल्हा

उत्तर : येतील, बाई. आधी तो व्हिडिओ बंद करा आणि टीव्ही मुलांच्या हाती द्या.

मी आठवीलाच लोणार घेतलं होतं, उल्का आदळून झालेल्या विवरातलं सरोवर. तुम्हाला तर ते जवळचंच. गूगल अर्थवर सरोवर उघडलं, अंतर मोजण्याची पट्टी कशी वापरायची ते दाखवलं आणि विचारलं, विवराचा व्यास किती? एकीने 1.8 किलोमीटर सांगितला, दुसऱ्याने 1.7, तिसऱ्याचा भरला जेमतेम 1.2. त्याने पाण्याच्या कडेपासून मोजलं होतं. मग वाद जुंपला : काठ धरायचा कुठला, पाण्याचा की वरच्या कड्याचा? तो वाद मी थांबवला नाही. उल्का इथल्या काळ्या खडकावर, बेसॉल्टवर, आदळली तेव्हा पाणी कुठे होतं, असं एका मुलीनेच विचारलं आणि सगळ्यांनी वरचा कडा धरला. भूगोल तिथे शिकून झाला होता.

पुढचा तास गणिताच्या सरांकडून आधीच मागून घेतला होता. 1.8 व्यासाचा परीघ साधारण 5.65 किलोमीटर. ताशी 4 किलोमीटर चाललं तर फेरीला किती वेळ? 1 तास 25 मिनिटं. हे उत्तर मुलांना खरं वाटलं, कारण वाट डोळ्यांसमोर होती.

विज्ञानाला जून 2020चे फोटो पुरतात. तेव्हा पाणी गुलाबी झालं होतं, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. मराठीच्या तासाला लवणासुराची गोष्ट घरच्या मोठ्यांकडून ऐकून लिहून आणायला सांगा. त्या दैत्याला मारणाऱ्या विष्णूचं, म्हणजे दैत्यसूदनाचं, देऊळ लोणार गावातच आहे.

महिन्यातून एकच असा विषय घ्या, आणि तासांची अदलाबदल आठवडाभर आधी ठरवून ठेवा. शिक्षकखोलीतलं हे बोलणंच सगळ्यात अवघड जातं, ॲप शिकणं नव्हे.

आणि वीज जाईल हे धरूनच चाला. आमची गेली होती. मुलांनी कागदावर 1 सेंटिमीटरला 200 मीटर धरून 9 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढलं, त्यावर दोरा फिरवला आणि पट्टीवर ताणला. 28 सेंटिमीटरच्या थोडा पुढे गेला.