टक्का तोच राहतो, मूळ पगार बदलतो: पोलिसांच्या स्वेच्छानिवृत्तीची तारीख

तुम्ही महाराष्ट्र पोलिसात हवालदार, वय ५१, सेवा साडेएकोणतीस वर्षं. आत्ता स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पेन्शन किती कापली जाईल, असं विचारलंय. मी बरीच वर्षं आस्थापना शाखेत पेन्शनचं टेबल सांभाळलंय, त्यावरून सांगतो. तुमची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची, त्यामुळे १९८२ चे निवृत्तिवेतन नियम लागू. नंतरच्या भरतीवाल्यांनी हे गणित स्वतःला लावू नये.

वयाच्या ५८ पर्यंत राहिलं तर पेन्शनचा टक्का वाढतो हा समज ठाण्याठाण्यात ऐकू येतो. तो वाढत नाही. २० वर्षं अर्हताकारी (म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली की शेवटच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शन बसते, आणि तो टप्पा तुम्ही कधीच ओलांडलाय. पुढे राहून वाढतं ते मूळ वेतन. ग्रॅच्युइटीही वाढते, पण ३३ वर्षांच्या सेवेपर्यंत आणि कमाल मर्यादेतच.

म्हणून कापणार किती यापेक्षा तारीख कोणती हे बघा. तुमची ३० वर्षं सहा महिन्यांवर आली आहेत. सेवेच्या १०, २० आणि ३० वर्षांनी वरचं वेतन देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेतला तिसरा लाभ तुम्हाला देय असेल, तर त्याआधी बाहेर पडणं म्हणजे आयुष्यभराच्या पेन्शनला स्वतःच कात्री लावणं. नोटीस तीन महिन्यांची असते. आज दिलीत तर ३० च्या आतच सुटाल. शिवाय वेतनवाढ जुलैची असेल तर मे-जूनमध्ये कशाला जायचं? ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांच्या वेतनवाढीवर सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल आहे खरा, पण स्वेच्छेने जाणाऱ्याने त्या वादात पडूच नये. जुलै उजाडू द्या.

आता खरी अडचण, सेवापुस्तक. पोलिसांच्या पेन्शन केसेस नियमांपेक्षा नोंदींवर जास्त अडकतात. कधीकाळी निलंबन झालं असेल तर तो काळ कसा धरला याचा आदेश निघालेला असतो, पण त्याची नोंद पुस्तकात घ्यायची राहून जाते. बदलीच्या प्रत्येक घटकात सेवा पडताळणीचा शेरा आहे का, विनावेतन रजा कुठल्या कारणाने मंजूर झाली, वेतन पडताळणी पथकाचा शिक्का कुठवर आलाय, हे नोटीस देण्याआधी स्वतः बसून बघा. महालेखापालांकडून आक्षेप लागून केस परत आली, की तोवर तुमचा हुद्दा गेलेला असतो आणि कारकुनाला घाई नसते.

विभागीय चौकशी चालू असेल तर अर्जच देऊ नका. परवानगी नाकारली जाऊ शकते. मिळाली तरी निकाल लागेपर्यंत तात्पुरती पेन्शन मिळते आणि ग्रॅच्युइटी अडकते.

अंशराशीकरणाला घाबरू नका. म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेणं. ४० टक्क्यांपर्यंत पेन्शन विकता येते, १५ वर्षांनी ती परत सुरू होते, आणि महागाई भत्ता मधल्या काळातही पूर्ण मूळ पेन्शनवरच मिळतो.