अक्कलदाढ काढल्यानंतर ओठ बधिर राहिला, तर?

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी माझी उजवीकडची खालची, हाडात आडवी अडकलेली अक्कलदाढ काढली. तेव्हापासून त्या बाजूचा ओठ आणि हनुवटी बधिर आहे. चहा ओघळला तरी कळत नाही. डॉक्टरांनी बी-१२च्या गोळ्या देऊन वाट पाहायला सांगितले आहे. हे कायमचे राहील का? तोंड वाकडे होईल का? डावीकडचीही दाढ काढायची आहे.

उत्तर : तोंड वाकडे होण्याची भीती प्रथम मनातून काढून टाका. खालच्या जबड्याच्या हाडातून जी नस अक्कलदाढेच्या मुळांखालून पुढे येते आणि ओठाला व हनुवटीला संवेदना देते, ती दुखावली गेली आहे. ओठ हलवणारी नस वेगळी असून तिचा मार्ग या दाढेजवळून जात नाही.

नस नुसती दबली असेल, तर संवेदना काही आठवड्यांत परतते. आतले तंतू तुटले असतील, तर ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतात, त्यामुळे हनुवटीपर्यंत पोहोचायला काही महिने लागतात. बहुतेक रुग्ण बरे होतात. थोड्यांच्या बाबतीत मात्र बधिरपणा कायम राहतो. मुंग्या येऊ लागणे हे बहुधा नस सावरत असल्याचे लक्षण असते.

वाट पाहायला सांगितले हे योग्यच आहे, पण नुसते घरी बसून वाट पाहू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. बी-१२ची कमतरता नसेल, तर त्या गोळ्यांवर फार भिस्त ठेवता येत नाही. डॉक्टरांकडून कापूस आणि बोथट टोकाने तपासणी करून बधिर भागाची सीमा नोंदवून घ्या व दर महिन्याला ती ताडून पाहा. तीन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, किंवा त्याआधीच नुसत्या स्पर्शाने आग, चमका सुरू झाल्या, तर मुख व जबड्याच्या शल्यविशारदांना दाखवा, कारण नस जोडण्याची शस्त्रक्रिया करायची झाल्यास ती फार लांबवून चालत नाही. तोवर चहा कोमट प्यावा आणि जेवताना ओठ चावला जाणार नाही याकडे लक्ष द्यावे.

डावीकडची दाढ त्रास देत नसेल, तर घाई नको. काढावीच लागली आणि साध्या एक्स-रेत मुळे नसेला लागून दिसली, तर आधी सीबीसीटी (जबड्याची त्रिमितीय एक्स-रे तपासणी) करून घ्यावी आणि मुळे जागीच ठेवून दाढेचा फक्त वरचा भाग काढता येईल का, हे विचारावे.