बाळंतपण माहेरी, बाप सुरतेत: दवाखान्यातून निघण्याआधी कागद तपासा

भाऊ, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. तुम्ही सुरतेत नोकरीला, वहिनी शिरपूरला माहेरी, मे महिन्यातली तारीख, पहिलंच बाळंतपण. बॅगेत काय भरायचं आणि बापाने तिथे जाऊन करायचं काय, एवढंच तुम्ही विचारलंय. बॅगेचं सासूबाईंवर सोडा. दुपटी, लंगोट, टोपडी, जुन्या मऊ साड्या यातलं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. मी थांबलो ते तुमच्या शेवटच्या ओळीवर: ‘शालकाने केस पेपर काढून ठेवलाय, ते टेन्शन नाही.’

त्या केस पेपरवर वहिनींचं नाव काय लिहिलंय, ते आजच फोन करून विचारा.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. दवाखाना ओळखीचा, खिडकीवर भाऊ किंवा वडील उभे. ‘पेशंटचं नाव?’ म्हटलं की त्यांच्या तोंडून लहानपणापासूनचंच नाव निघतं: मुलीचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. तेच नाव सोनोग्राफीच्या रिपोर्टवर जातं, तिथून डिस्चार्ज कार्डवर आणि तिथून जन्माच्या नोंदीत आईच्या रकान्यात. आधारवर सासरचं नाव असतं. लग्नात पहिलं नावही बदललेलं असेल तर गुंता आणखी वाढतो. बारशाच्या गडबडीत हे कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे बाळाचं आधार काढताना किंवा शाळेत नाव घालताना कोणीतरी विचारतं, की ही आई कोण?

आता हा कागद पूर्वीपेक्षा फार महत्त्वाचा झालाय. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू आहे. त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांच्या जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून शाळा, पासपोर्ट, लायसन्स, मतदार यादी सगळीकडे जन्मदाखलाच धरला जातो. आपल्या पिढीचं शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भागून गेलं, या पोरांचं भागणार नाही.

नोंद होते ती जन्म जिथे झाला तिथे. तुम्ही राहता सुरतेत, रेशनकार्ड दुसऱ्या तालुक्यातलं, त्याने फरक पडत नाही. शिरपूर शहरात जन्म झाला तर नगरपालिका. दवाखाना हायवेवर हद्दीबाहेर असेल तर तिथली ग्रामपंचायत. ऐनवेळी धुळ्याला हलवावं लागलं आणि जन्म तिथे झाला तर नोंद धुळ्याची. १०८ च्या गाडीत रस्त्यातच जन्म झाला तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबली ते जन्मस्थळ धरतात. सातपुड्याच्या पाड्यांवरच्या लोकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं, तिथे असं घडतं.

जन्माची खबर द्यायची मुदत २१ दिवस. दवाखान्यात जन्म झाला तर ती द्यायची जबाबदारी दवाखान्याची, तुमची नाही. म्हणूनच बाप निवांत राहतो आणि फॉर्म कोणीतरी नर्स किंवा रिसेप्शनवरचा मुलगा केस पेपर बघून भरून टाकतो. तुम्ही काय करायचं सांगतो. डिस्चार्जच्या आधी ‘जन्माचा फॉर्म भरला का, कधी पाठवणार?’ असं विचारा आणि पाठवण्यापूर्वी तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. दोघांच्या आधारच्या झेरॉक्स जोडायला लावा. आईचं नाव, वडिलांचं नाव, जन्माच्या वेळचा पत्ता आणि कायमचा पत्ता हे चार रकाने बोट ठेवून वाचा. मग इंग्रजी स्पेलिंग. दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही येतं आणि खरा घोळ इंग्रजीत होतो. पाटील लिहिताना शेवटी ‘टी-आय-एल’ की ‘टी-ई-ई-एल’? चौधरीत ‘ए-यू’ की ‘ओ-डब्ल्यू’? आधारवर जसं आहे अगदी तसंच एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फॉर्मला टाचणीने लावून द्या. तोंडी सांगू नका.

बाळाच्या नावाची घाई मात्र करू नका. बारसं व्हायचं असतं, आत्याबाईंनी नाव सुचवलेलं नसतं. नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद होते आणि दाखलाही मिळतो. नाव नंतर १२ महिन्यांपर्यंत फुकट घालता येतं, त्यापुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. माझं ठाम मत आहे की रिकामा रकाना चालेल, पण घाईत घातलेलं नाव नको. एकदा चढलेलं नाव आवडलं नाही म्हणून बदलणं फार जड जातं.

आता दुरुस्तीचं. इथे मी जरा तावातावाने लिहिणार आहे, समजून घ्या. माझ्या मुलीच्या दाखल्यात आईचं नाव असंच माहेरचं चढलं होतं. दवाखान्याने लिहिलेलं चुकलं, ते एक वेळ ठीक. पण दुरुस्तीच्या कचेरीने जो त्रास दिला तो मी विसरू शकत नाही. आज विवाह नोंदणी आणा, ती नेली तर राजपत्र आणा, मग दवाखान्याचं पत्र आणा, मग कोर्टात जा. प्रत्येक टेबलावर वेगळं उत्तर आणि एकही उत्तर कागदावर नाही. तान्हं बाळ घरात असताना रजा टाकून माणूस बाहेरगावाहून येतो, त्याला ‘साहेब मीटिंगला गेलेत’ म्हणून परत पाठवायचं याला काय म्हणावं?

दुरुस्तीचा अधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निबंधकालाच, म्हणजे जन्माची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्यालाच आहे. लेखनाची चूक असेल तर खात्री करून तो स्वतः दुरुस्त करू शकतो. मजकुराचीच चूक असेल तर माहिती असलेल्या दोन विश्वासू माणसांचं लेखी निवेदन आणि पुरावे घेऊन. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख टाकतात. म्हणून अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कोणता कागद कमी आहे ते लेखी मागा. लेखी मागितलं की निम्म्या अटी गळून पडतात. निबंधकाने नाकारलं तर २०२३ च्या दुरुस्तीने जिल्हा निबंधकाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. मी वकील नाही, नियमांचे तपशील बदलतात, त्यामुळे जाण्याआधी तिथे एकदा खात्री करा. पण कोर्टात जा म्हटलं म्हणून लगेच वकील गाठू नका.

बाकी दवाखान्यातलं थोडक्यात. डॉक्टर सांगतील ते अंतिम.

सरकारी दवाखान्यात लेबर रूममध्ये सोबतीला शक्यतो बाईमाणूसच घेतात, तुम्ही बाहेरच राहाल. पहिलटकरणीच्या कळा बारा-बारा तास किंवा जास्तही चालतात, त्यामुळे ताप्ती लाइनच्या रेल्वेने नरडाण्याला उतरून पोचायला बहुतेक वेळा उसंत मिळते. पण पाणी गेलं असा फोन आला तर वेळ आणि पाण्याचा रंग विचारून घ्या. हिरवट असेल किंवा रक्त जात असेल तर तुमची वाट न बघता त्यांना लगेच निघायला सांगा. वहिनींचा रक्तगट निगेटिव्ह आणि तुमचा पॉझिटिव्ह असेल तर बाळाचा गट तपासून अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत लागतं का, हे तुम्ही आठवणीने विचारा. त्याच गडबडीत हे राहून जातं. वहिनींच्या गटाचे दोन रक्तदाते आधीच बोलून ठेवा.

बाळाला पहिल्या २४ तासांत बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हेपेटायटिस बी मिळाली का, ते कार्डावर तारखेसह लिहून घ्या. पहिलं पिवळसर घट्ट दूध पिळून टाकू देऊ नका. मध, गुळाचं पाणी, गुटी काही नको. घरातल्या मोठ्या माणसांना हे जावयाने सांगितलं तर राग येतो, म्हणून डॉक्टरांच्या तोंडून त्यांच्यासमोर वदवून घ्या, हा सगळ्यात सोपा मार्ग.

मेमध्ये आपल्याकडे पारा ४४ च्या वर जातो. बाळंतिणीची खोली पत्र्याची असेल तर बदला. धाब्याचं, म्हणजे मातीच्या छताचं घर असेल तर उत्तमच. एवढ्या उन्हात कुंची, पायमोजे, वर गोधडी असं गुंडाळून ठेवलं की बाळाचं अंग तापतं. मग लोक पाणी पाजतात, तेही नको. कपडे कमी करा, आईचं दूध पुन्हा पुन्हा पाजा, आणि थर्मामीटरमध्ये ३७.५ सेल्सिअसच्या वर दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. तळहात-तळपाय पिवळे दिसले किंवा बाळ ओढून पीत नसेल तरीही तेच. वहिनींना तासाभरात पॅड भिजेल इतकं रक्त जात असेल, डोकं फार दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधुक दिसत असेल तर सकाळची वाट बघायची नाही.

जाता जाता अजून एक. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळतात, ३००० आणि २००० असे दोन हप्त्यांत. पात्रतेच्या अटी आहेत, माहेरच्या आशाताईंना विचारा. दुसरा हप्ता जन्माची नोंद आणि १४ आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर मिळतो. तेव्हा आधार, बँक खातं आणि जन्मदाखला या तिन्हींवर वहिनींचं नाव एकच आहे का, ते बघून घ्या. आणि शालकाला फोन केला की केस पेपरचा फोटो मागवून घ्या, नुसतं ‘बरोबर आहे’ म्हटल्यावर ठेवू नका.